धाकटीसाठी पायमोजे

'घाईबाई' हे नाव तिला तिच्या म्हाताऱ्या पेशंटांनी ठेवलं होतं, आणि ते तिच्या कानावर जाणार नाही अशी त्यांची भाबडी समजूत होती. नाव मात्र अगदी बरोबर होतं. बाईच्या पायाला भिंगरी. एका घरात ब्लडप्रेशर मोजताना मन दुसऱ्या घराच्या दाराशी, आणि तिथे पोचली की तिसऱ्याच्या जिन्यात. खुर्ची पुढे केली तर काठावर टेकायची, पाणी दिलं तर उभ्यानंच प्यायची. तिच्या पेशंटांतल्या सुतारकाकांनी तर एकदा विचारलंही होतं की सिस्टर, तुम्ही झोपता तरी का, की तेही उभ्यानंच उरकता?

पण कामाला चोख. ती दवाखान्यातर्फे घरोघरी जाणारी नर्स होती आणि तिच्या वाट्याचे सगळे पेशंट परमुलखातून आलेले. मुलगा किंवा मुलगी इथे स्थिरावली, मग साठीत-सत्तरीत आईबापांना बोलावून घेतलं, अशातले. इथली भाषा त्यांना येई ती 'हो', 'नाही' आणि 'बरं आहे' एवढीच. डॉक्टरसमोर हे तीन शब्द आलटून-पालटून वापरले की तपासणी पार पडते, हे मात्र ते फार लवकर शिकले होते. दुखतंय का? नाही. गोळ्या घेता का? हो. कसं वाटतंय? बरं आहे. डॉक्टर खूश, पेशंट खूश आणि आजार तर सगळ्यांत खूश. नर्सबाई त्यांच्याच मुलखातली, त्यांच्याच बोलीची, तीस वर्षांपूर्वी इथे आलेली. म्हणून डॉक्टरांनी ही सगळी मंडळी तिच्या पदरात घातली आणि स्वतः निर्धास्त झाले.

दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती त्यांचा वर्ग घ्यायची. खुर्चीत बसून करायचे व्यायाम, जेवणातलं मीठ कसं कमी करायचं, न्हाणीघरात घसरू नये म्हणून काय करायचं, असे धडे. बोलणं फटकळ. मुदत संपलेली गोळी फेकून द्यायची, तारीख गेली की माया करायची नाही, असं ती सांगायची आणि म्हातारे एकमेकांकडे बघून हसायचे. पण तिचा हातखंडा धडा होता ब्लडप्रेशरचा. हा आजार मुका आहे, ती सांगायची. दुखत नाही, खुपत नाही आणि एक दिवस तोंड वाकडं करून जातो. शिवाय घराण्यात असतो. तुम्हाला आहे ना? मग तुमच्या सख्ख्या भावंडांनाही असू शकतो. त्यांना विचारा, त्यांना औषध मिळतंय का बघा. दोन वर्षांपूर्वी हा धडा पहिल्यांदा घेतला तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडली होती. घाईबाईला तेव्हा, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं. शिकवलेलं कुणाच्या तरी काळजाला भिडतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

ती म्हातारी म्हणजे आक्का. वय पंचाहत्तर, चण लहान, आवाज ठणठणीत. मुलगा-सून नोकरीला जात, आक्का दिवसभर खिडकीशी बसून लोकरीचे पायमोजे विणायच्या. मोजे कुणासाठी? तर गावाकडच्या धाकट्या बहिणीसाठी. इकडून कुणी तिकडे जायला निघालं की आक्कांचे दोन जोड त्याच्या सामानात गेलेच. आता त्यांचा मुलूख असा की थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. घाईबाईनं एकदा थट्टा केली होती, की आक्का, त्या माउलीला पाय तरी किती आहेत? आक्का हसून म्हणाल्या होत्या, पाय दोनच आहेत, पण बहीणही एकच आहे.

पेशंट म्हणून आक्का म्हणजे हिरा. घाईबाई सगळ्यांच्या गोळ्या पाकिटातून काढून सात दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळच्या खणांच्या डब्यात भरून द्यायची आणि आठवड्यानं रिकामा डबा परत घ्यायची. इतरांच्या डब्यात कुठे मंगळवारची गोळी राहिलेली, कुठे बुधवारच्या खणात भुकटी. सुतारकाकांच्या डब्यात तर एकदा खिळा निघाला होता. आक्कांचा डबा रिकामा, धुतलेला, पुसलेला. घाईबाई तो डबा वर्गात सगळ्यांना दाखवायची. शिस्त बघा, म्हणायची.

आणि तरीही आक्कांचं ब्लडप्रेशर काही खाली येत नव्हतं. एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी, पुन्हा एकशे ऐंशी. पाणी कुठे मुरतंय कळेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली, मग तिसरी, आणि शेवटी तिन्ही अगदी वरच्या ताकदीच्या केल्या. दर वेळी ते आधी नर्सच्या वहीत बघायचे आणि वहीत घाईबाईच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'औषधे नियमित घेते. डबा रिकामा.'

त्या शुक्रवारी आक्कांचा मुलगा आणि सून दोन आठवड्यांसाठी सुनेच्या माहेरी निघाली होती. एवढे दिवस आक्कांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून घाईबाईनंच खटपट करून त्यांची शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धनिवासात सोय लावली होती. तिथली शिस्त कडक. गोळी नर्सच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत, आणि गिळली की तोंड उघडून दाखवायचं. घाईबाईला ते फार पसंत होतं. सकाळी दहाला मुलानं आक्कांना तिथे पोचवलं, तसा फोनही केला, आणि घाईबाईच्या जिवावरचं एक ओझं उतरलं.

ते ओझं जेमतेम दोन तास उतरलेलं राहिलं. बाराच्या सुमारास ती सुतारकाकांच्या घरी पोचली. दाराशीच त्यांनी नव्या गुलाबी गोळीची तक्रार सुरू केली. महिना झाला, जिना चढताना अंगात जोर म्हणून नाही, सगळं कसं संथ चाललंय. घाईबाईनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला छप्पन्न ठोके. काका, ही गोळी नाडी मंदच करते, ती म्हणाली, ही घेणाऱ्याची नाडी साठीच्या आसपासच राहायची, तुम्ही घेताय याचाच तो पुरावा आहे.

हे तोंडातून निघालं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आक्कांनाही हीच गुलाबी गोळी. ताकद काकांच्या चौपट. आणि गेल्या सोमवारी आक्कांची नाडी? तिनं काकांचा हात तसाच सोडून वही उघडली. ब्याण्णव. त्याच्या आधी अठ्ठ्याऐंशी. त्याच्या आधी नव्वद. पानं मागे उलटत गेली तरी तेच. सगळे आकडे तिनंच लिहिलेले, तिच्याच अक्षरात, आणि प्रत्येकाच्या खाली तेच वाक्य.

गोळी पोटात जातच नव्हती. वर्ष झालं होतं, जास्तच. कुठे जात होती ते देव जाणे, पण आक्कांच्या पोटात नाही. आणि आता संध्याकाळी सहा वाजता ती जाणार होती. संध्याकाळच्या दोन, उद्या सकाळी तिसरी, तिन्ही वरच्या ताकदीच्या, ज्या शरीरानं त्यांचा कणही पाहिला नाही त्या शरीरात, आणि तेही डोळ्यांदेखत, तोंड उघडून दाखवून.

याचं काय होतं ते घाईबाईनं पाहिलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक आजोबा साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाले होते. घरी कधी गोळ्या घ्यायचे नाहीत, पण कागदावर घेतो म्हणून सांगितलेलं. वॉर्डातल्या नर्सनी कागदाबरहुकूम सगळ्या दिल्या. दुसऱ्या सकाळी ब्लडप्रेशर पार तळाला. आजोबा न्हाणीघराकडे जायला उठले आणि बेसिनवर डोकं आपटून पडले. त्यानंतर ते आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत. त्या वॉर्डातल्या नर्सपैकी एक ही होती.

तिनं काकांना कसंबसं आवरतं घेतलं आणि जिन्यातूनच फोन लावायला सुरुवात केली. आक्कांच्या मुलाचा फोन बंद, विमानात असणार. डॉक्टरांचा दवाखाना शुक्रवारी बारापर्यंत आणि घड्याळात बारा वीस. वृद्धनिवासाचा फोन कुणा पोऱ्यासोऱ्यानं नव्हे, थेट ऑफिसातल्या बाईंनी उचलला आणि निरोप ठेवते म्हणाल्या. निरोप ठेवून काय करायचंय, लोणचं? घाईबाई मनात म्हणाली. तोंडानं तिनं आभार मानले.

लगेच निघावं म्हटलं तर पुढची भेट टाळता येण्यासारखी नव्हती. एका आजींच्या टाचेला जखम होती, ड्रेसिंग आज झालं नाही तर सोमवारी पाऊल कापायची भाषा सुरू होईल. तिथे ती गेली, जखम धुतली, पट्टी बांधली. हात सरावाचे, त्यांनी काम नीट केलं. जीव मात्र टांगणीला. आजी नातवाच्या शाळेची हकीकत सांगत होत्या आणि ही भलत्याच जागी हुंकार देत होती. त्यानंतर आणखी एक इन्सुलिनचं इंजेक्शन, तेही चुकवता येण्यासारखं नाही. निघाली तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

नेमका पूल दुरुस्तीला बंद. वळसा घालून जाताना गाड्यांची रांग जागची हलेना. तिनं आणीबाणीच्या डॉक्टरांचा नंबर लावला. आपला क्रमांक चौदावा आहे, असं यंत्रानं गोड आवाजात सांगितलं आणि संगीत सुरू केलं. ती स्टिअरिंगवर बोटं आपटत बसली. राग आक्कांवर काढावा तर पंचाहत्तर वर्षांची बाई. डॉक्टरांवर काढावा तर त्यांनी वहीत वाचलं ते मानलं. फिरून फिरून राग घरीच यायचा. धुतलेला डबा बघून आपण हुरळलो. अगं बये, गोळ्या गिळणारं माणूस डबा कशाला धुवेल? नर्सला दाखवायलाच ना?

वृद्धनिवासात पोचली तेव्हा सहाला पंचवीस कमी होते. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि बोळाच्या तोंडाशी गोळ्यांची ट्रॉली ढकलत निघालेली तिथली नर्स. उंच, रुंद, कपाळावर आठी. ती पहिल्या खोलीपाशी होती. आक्कांची खोली अकरावी.

घाईबाईनं इथल्या भाषेत तिला सगळं भरभर सांगितलं. ट्रॉलीवालीनं ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. कागदावर लिहिलंय की घेते. सही कुणाची? तुमचीच ना? आत्ताच मोजलं, एकशे शहाऐंशी आहे. एवढ्या ब्लडप्रेशरला गोळी थांबवायची तर डॉक्टरांचा हुकूम हवा. नाडीवरून तुम्हाला शंका आली म्हणून मी थांबवू शकत नाही. घाईबाईला तिचा संताप आला आणि लगेच विरलाही, कारण तिच्या जागी आपण असतो तर शब्दन्‌शब्द हेच बोललो असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ट्रॉलीवाली जरा नरमली. म्हणाली, पेशंट स्वतः नको म्हणाला तर मी जबरदस्ती करत नाही. तिला सांगू दे की मी या घेत नव्हते. तिच्या तोंडून मला पुरे. आणि ट्रॉली दुसऱ्या खोलीकडे ढकलली.

म्हणजे नऊ खोल्या, फार तर वीस मिनिटं.

आक्का अकरा नंबरात खिडकीशी बसून विणत होत्या. घाईबाईला बघून त्यांचा चेहरा फुलला, अन् पाठोपाठ सावध झाला. पलंगावर एक पुरा झालेला मोजा होता, दुसरा सुयांवर. घाईबाईच्या कोटाच्या खिशातल्या फोनमधून यंत्राचं संगीत वाजत होतं. आपला क्रमांक सहावा आहे. ती खुर्ची ओढून बसली, काठावर नाही, पूर्ण टेकून. तेवढ्यानंच आक्का घाबरल्या. काय झालं गं, मुलाला काही झालं का, त्यांनी विचारलं.

मुलगा ठीक होता. घाईबाईनं आडपडदा न ठेवता विचारलं की आक्का, गोळ्या कुठे जातात? आक्का म्हणाल्या, पोटात, आणखी कुठे जाणार. तिनं नाडीचं सांगितलं. आक्का म्हणाल्या, माझी नाडी लहानपणापासून धावती आहे. तिनं ब्लडप्रेशरचं सांगितलं. आक्का म्हणाल्या, परकी हवा, त्याला मी काय करू? बाई उलटतपासणीला वकिलाच्या वरताण. बोलता बोलता सुया मात्र थांबल्या होत्या आणि डोळे सारखे पलंगावरच्या मोज्याकडे जात होते. घाईबाईनं तो मोजा उचलला.

"आक्का, हा मी घालून बघू?"

"तुला नाही व्हायचा."

"का? पुढे जागा नाही म्हणून?"

घाईबाईनं मोज्याचं टोक चिमटीत धरलं. आत कागद वाजला. तिनं पुडी बाहेर काढली नाही. काढायची गरजच नव्हती. दोन वर्षं हे मोजे तिच्या डोळ्यांसमोर विणले जात होते आणि तिनं त्यांचं कौतुक केलं होतं. त्यातला एक जोड तर तिनं स्वतः ओळखीच्या बाईच्या सामानात घालून दिला होता.

बोळात ट्रॉलीची चाकं वाजली. पाचवी खोली, की सहावी.

"तूच सांगितलंस की," आक्का हळू म्हणाल्या. "घराण्यात असतो म्हणालीस. भावंडांना औषध मिळतंय का बघा म्हणालीस. आमची आई तशीच गेली. सकाळी उठली ती तोंड वाकडं. तीन वर्षं अंथरुणात होती. मी लग्न करून मोकळी झाले, सगळं धाकटीनं काढलं. हगणं-मुतणंसुद्धा. आता तिलाही हाच आजार, ती एकटी, आणि इथे माझ्या पुढ्यात गोळ्यांचे डबे भरताय तुम्ही लोक. मी एकटीनं कशी गिळू?"

घाईबाईचा हातखंडा धडा. करायला गेली काय आणि झालं काय. दोन वर्षांपूर्वी पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेली म्हातारी स्वतःसाठी नाही, धाकटीसाठी रडत होती, हे तिला आत्ता कळत होतं. तिला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता.

तिनं आक्कांना समजावलं. आज एकदम गिळलंत तर काय होईल ते सांगितलं, त्या आजोबांचंही सांगितलं, बेसिनसकट. आक्कांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पंधरा दिवस इथे लपवायला जागा नाही, तर पंधरा दिवस निमूट गिळायच्या. औषधच आहे ना, विष तर नाही. पण घेत नव्हते असं तोंडानं कबूल करायचं नाही. एकदा कबूल केलं की घरीही कुणीतरी समोर बसून गिळायला लावणार, मग धाकटीच्या वाट्याला काय उरणार? "मी पडले तर पडले," त्या म्हणाल्या. "माझं काय राहिलंय."

हट्टापुढे शहाणपण चालत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत घाईबाई शिकली होती. तिनं वेगळ्या बाजूनं धरलं. धाकटीचं ब्लडप्रेशर आता किती आहे, तिनं विचारलं. आक्कांना माहीत नव्हतं. गोळ्या मानवतात का? माहीत नाही. किती वेळा घेते? जशा पोचतात तशा घेत असेल. म्हणजे कुणी न तपासता, न मोजता तीन तऱ्हेच्या जबर गोळ्या ती मनानं घेतेय? आक्का, मी इथे तुमच्या काळजीनं धावत आले, पण तिकडे तीही पडू शकते.

हे मात्र वर्मी लागलं. त्यांनी उशीखालचा फोन काढला आणि स्वतःच बहिणीला लावला.

धाकटीनं दुसऱ्याच रिंगला उचलला. आवाज आक्कांसारखाच, जरा पातळ. आज कसा मधेच फोन, म्हणून ती आधी हरखली. आक्कांनी इकडचं तिकडचं काही न विचारता सरळ गोळ्यांचाच विषय काढला. किती घेतेस, कधी घेतेस, कुणी तपासतं का?

धाकटी म्हणाली, "रागावणार नाहीस ना, आक्के? मला गोळ्या आहेत इथल्या. दवाखान्यातली बाई दर महिन्याला घरी येते, हाताला पट्टा बांधते, एक गोळी देते. दोन वर्षं झाली असतील, जास्तच. ठीक आहे म्हणते सगळं."

आक्कांनी घाईबाईकडे पाहिलं. घाईबाई जमिनीकडे बघत होती. ट्रॉली नवव्या खोलीपाशी थांबली होती.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"कसं सांगू? तू एवढ्या मायेनं मोज्यात घालून पाठवायचीस. मला वाटलं, तुला जास्तीच्या मिळत असतील."

"मग माझ्या गोळ्या? टाकल्यास?"

"टाकीन कशा? सगळ्या आहेत. पत्र्याच्या डब्यात, रंग वेगळे काढून ठेवल्यात. तू परत आलीस की तुला लागतील ना. इथे त्या मिळतात न मिळतात. तू पुढच्या वर्षी येणार म्हणालीस, म्हणून ठेवल्यात."

खोलीत नुसतं खिशातलं संगीत वाजत राहिलं. आक्का दर वर्षी धाकटीला 'पुढच्या वर्षी' सांगायच्या, हे घाईबाईला माहीत होतं. मुलानं आक्कांचं तिकडच्या शहरातलं घर तीन वर्षांपूर्वीच मोडलं होतं, सामान वाटून टाकलं होतं, हेही माहीत होतं. धाकटीला ते कुणी सांगितलं नव्हतं. आक्कांनी मोजा मांडीवर घेतला, त्यावरून हात फिरवला, उलटा, सुलटा.

"बरं केलंस," त्या शेवटी म्हणाल्या, आणि आवाज ठणठणीत ठेवला. "नीट ठेव. दमट जागी ठेवू नकोस."

फोन बंद करून त्यांनी तो उशीखाली सरकवला. मग ट्रॉली दारात आली. उंच बाईनं कागद पाहिला, छोट्या पेल्यात दोन गोळ्या काढल्या, एक गुलाबी, एक पिवळी, आणि पेला पुढे केला. आक्कांनी त्या गोळ्यांकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग आपल्या तीन शब्दांतला मधला उचलला.

"नाही," त्या इथल्या भाषेत म्हणाल्या. आणि घाईबाईला म्हणाल्या, "सांग तिला. दोन वर्षं एकही घेतली नाही म्हणावं. मोज्यांचंही सांग. लाज माझी आहे, तू गाळू नकोस काही."

घाईबाईनं काही गाळलं नाही, स्वतःच्या वहीचंही नाही. ट्रॉलीवालीनं सगळं ऐकलं, कपाळावरची आठी आणखी खोल झाली, आणि तिनं दोन्ही गोळ्या ट्रॉलीच्या कप्प्यात बाजूला ठेवून कागदावर खूण केली. त्याच वेळी खिशातलं संगीत थांबलं आणि आणीबाणीचे डॉक्टर हॅलो हॅलो करू लागले. दहा मिनिटं विचारपूस झाली. नाडी, वजन, आधीचे आकडे. शेवटी ठरलं की गुलाबी आणि पिवळी बंद, सकाळच्या पांढऱ्या गोळीतलीच सगळ्यांत हलकी, तीही अर्धी, आणि रोज चार वेळा मोजायचं. पुढचं सोमवारी.

पांढरी अर्धी गोळी तळहातावर घेऊन आक्कांनी ती क्षणभर निरखली. एवढीशी, म्हणाल्या. मग जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या आणि सांगायच्या आधीच तोंड मोठं उघडून दाखवलं, जीभ वर, जीभ बाजूला. ट्रॉलीवाली पहिल्यांदाच हसली आणि पुढच्या खोलीकडे गेली.

घाईबाईला आता निघायला हवं होतं. वहीतली नोंद दुरुस्त करायची होती, डॉक्टरांना लिहायचं होतं, आक्कांच्या मुलाला सांगायचं होतं. येत्या गुरुवारी पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यांकडे बघून तोच धडा कोणत्या तोंडानं घ्यायचा तेही ठरवायचं होतं. आणखी कुणाकुणाचे डबे धुतलेले येतात ते ती मनात आठवू लागली. तरी ती उठली नाही.

आक्कांनी मोज्याच्या टोकातली पुडी काढून तिच्या हातात दिली आणि मोजा घडी करून ठेवला. सुया पुन्हा हातात घेतल्या, दोन टाके घातले, थांबल्या.

"त्या गोळ्या टिकतात ना गं?" त्यांनी विचारलं. "डब्यातल्या. पुढच्या वर्षीपर्यंत?"

पाकिटातून सुट्या काढलेल्या, दोन-दोन वर्षांच्या, मोज्यातून गेलेल्या गोळ्या. धाकटीला फोन करून त्या फेकायला लावायच्या, हे कामांच्या यादीत सगळ्यांत वर यायला हवं होतं. गुरुवारच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला असता तर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"टिकतात," घाईबाई म्हणाली. "चांगल्या टिकतात."

आक्कांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. घाईबाईनं त्यांचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ठोके मोजायला लागली. चाळिशीच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.